शरीर बाहेरची वस्तू आत कशी ठेवून घेतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात इम्प्लांटवर, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम वस्तूंवर, एक छोटी चौकट छापली होती, त्यावर भरपूर प्रश्न आले. काही स्टेंटचे, काही सांध्यांचे, काही पेपरमधल्या बातम्यांचे. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक सांगून ठेवते, इथे विज्ञान समजावलंय, तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: बाबांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचा रॉड घातलाय. स्टील जास्त कडक असतं ना, मग टायटॅनियम का? आणि आयुष्यभर आत राहिला तर गंजणार नाही का?

गंजायची काळजी सोडा. टायटॅनियमला हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडचा एक थर बसतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण तोच सगळं काम करतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा तयार होतो आणि शरीरातलं खारट पाणी आतल्या धातूपर्यंत पोचतच नाही.

आता कडकपणाचं. इथे आपल्याला वाटतं त्याच्या उलट आहे, जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं हाडाच्या बाबतीत चालत नाही. हाडाचा ताठपणा साधारण १० ते २० गिगापास्कल (हे ताठपणा मोजायचं एकक), टायटॅनियमचा ११० च्या आसपास, स्टीलचा २०० च्या आसपास. चालताना जो भार येतो तो जास्त ताठ असलेली वस्तू स्वतःवर घेते आणि शेजारच्या हाडाला कामच उरत नाही, आणि ज्या हाडावर भार येत नाही ते हाड शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. म्हणून हाडाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारा धातू बरा. स्टीलच्या प्लेट, रॉड आजही सर्रास वापरतात बरं का, त्यात कमी प्रतीचं काही नाही, विशेषतः हाड जुळल्यावर काढून टाकायचं असेल तर.

टायटॅनियमची खरी गंमत कळली ती भलतंच काही शोधताना. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवून रक्त कसं वाहतं ते मायक्रोस्कोपखाली बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. दुसऱ्या कुणी नळी फुकट गेली म्हणून सोडून दिलं असतं, यांनी पुढची कित्येक वर्षं तेच धरलं आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यावर दात लावले. आजचे डेंटल इम्प्लांट तिथूनच आलेत.

प्रश्न: भावाला स्टेंट टाकलाय, त्यावर औषध लावलेलं आहे असं सांगितलं. मग वर परत रक्त पातळ करायच्या दोन दोन गोळ्या कशाला? तो म्हणतो आता मला काही त्रास नाही, बंद करतो.

आधी त्याला थांबवा. त्रास नाही म्हणून या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही, दात काढायचा असेल तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. कारण सांगते, जरा लांबण लागेल पण हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग या डॉक्टरांनी पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा घालून अडथळा दाबला. चमत्कारच होता तो, छाती न उघडता. पण बऱ्याच जणांची धमनी काही महिन्यांत पुन्हा आवळायची. मग १९८६ मध्ये धातूची जाळी म्हणजे स्टेंट आला, धमनी उघडी राहायला लागली, पण नवीनच भानगड सुरू झाली. जाळीने आतल्या भिंतीला इजा होते, भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी ती जखम भरून काढायला वाढतात आणि वाढतच जातात, जाळीतून आत येऊन परत रस्ता अडवतात. म्हणजे धातू आपलं काम चोख करत होता, प्रश्न शरीराच्या उत्तराचा होता.

यावर उपाय आला तो मातीतून. १९६४ साली पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर संशोधकांची एक तुकडी गेली होती, तिने आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून रॅपामायसिन नावाचं औषध मिळालं. सुरुवातीला ते बुरशीवर चालतं म्हणून बघितलं, मग लक्षात आलं की ते पेशींची वाढच रोखतं, मग किडनी बदललेल्या पेशंटना द्यायला लागले, आणि शेवटी कुणीतरी ते पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, मिसळून स्टेंटवर लावलं, म्हणजे जिथे पेशी वाढतायत तिथेच थोडं थोडं सुटेल. २००२-०३ मध्ये असे स्टेंट युरोप-अमेरिकेत मंजूर झाले आणि धमनी पुन्हा आवळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. मातीतला जिवाणू, पॉलिमर, धातू आणि हृदयाचा डॉक्टर हे सगळे एका दोन-तीन सेंटीमीटरच्या जाळीत एकत्र आलेत, मला तर हे वाचताना दरवेळी भारी वाटतं.

आता गोळ्यांकडे. हे औषध नको असलेल्या पेशी रोखतं तसं हव्या असलेल्या पेशीही थोड्या रोखतं. धमनीच्या आतून जो पातळ थर असतो तो स्टेंटच्या तारांवर चढायला हवा, त्याला वेळ लागतो. तोपर्यंत तारा रक्ताला उघड्या दिसतात आणि रक्तातल्या प्लेटलेट तिथे गोळा होऊन गुठळी करू शकतात, ती गुठळी झाली तर थेट हार्ट अटॅक. म्हणून तो थर चढेपर्यंत दोन गोळ्या. किती महिने हे पेशंटप्रमाणे बदलतं, साधारण सहा महिने ते वर्ष, ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त त्यांना कमी.

एका वाचकाने विचारलंय की विरघळणारा स्टेंट का नाही टाकत. टाकून बघितला होता. प्लास्टिकचा, दोन-तीन वर्षांत नाहीसा होणारा, २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. कल्पना अतिशय सुंदर, पण प्लास्टिक धातूएवढं मजबूत नसतं म्हणून त्याच्या पट्ट्या जाड, दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आणि मोठ्या चाचण्यांमध्ये गुठळ्या जास्त दिसल्या. २०१७ मध्ये विक्री थांबवली. पातळ पट्ट्यांवर आणि मॅग्नेशियमवर काम चालू आहे.

प्रश्न: टाक्यांचा धागा आपोआप विरघळतो म्हणजे नेमका जातो कुठे?

पाण्याने तुटतो. हे धागे ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडच्या साखळ्यांचे असतात, शरीरातलं पाणी साखळीचा एकेक दुवा तोडतं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बाहेर. लॅक्टिक ॲसिड तर आपल्या स्नायूंतही रोज तयार होतं. नेहमीचा धागा साधारण दोन महिन्यांत पूर्ण जातो पण त्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते, तेवढ्यात जखम स्वतःच्या जोरावर उभी राहिलेली असते.

प्रश्न: आईचं वय ५२, खुबा पूर्ण झिजलाय. डॉक्टर म्हणतात जमेल तेवढं थांबू. त्रास होत असताना थांबायचं का?

ते बहुतेक दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करतायत. कृत्रिम सांधा झिजतो आणि तरुण वयात बसवला तर तो पुन्हा बदलावा लागायची शक्यता वाढते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं.

झिजण्याची गोष्ट इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांच्याकडून समजून घ्यावी. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली, इतकं गुळगुळीत दुसरं काही नव्हतं, पेशंट सुरुवातीला खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्या चुऱ्याने आजूबाजूला सूज, गाठी. त्यांनी पेशंटपासून काही लपवलं नाही, टेफ्लॉन बंद केलं आणि १९६२ पासून एका जातीचं पॉलिइथिलीन नावाचं प्लास्टिक वापरलं जे कितीतरी हळू झिजतं. पण हळू झिजतं म्हणजे झिजतंच. त्याचे बारीक कण शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात, त्यांना ते पचत नाहीत, मग त्या असे संदेश सोडतात की जवळचं हाड विरघळायला लागतं आणि सांधा सैल होतो. म्हणजे सांधा तुटून खराब होतो असं फार कमी, तो धरून ठेवणारं हाड जातं म्हणून खराब होतो. नव्या सांध्यांत रेडिएशन देऊन आणखी चिवट केलेलं पॉलिइथिलीन असतं, त्याचा चुरा खूपच कमी. धातूवर धातू हाही प्रयोग झाला, झीज कमी म्हणून, पण त्या सांध्यांतलं कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरायला लागलं आणि २०१० मध्ये असा एक सांधा जगभरातून परत मागवावा लागला.

आकडा हवा असेल तर २०१९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला, त्यानुसार खुब्याचे सांधे २५ वर्षं टिकण्याचं प्रमाण साधारण ५८ टक्के, गुडघ्याचे ८२ टक्के. पण लक्षात घ्या, हे २५ वर्षांपूर्वीच्या सांध्यांचे आकडे आहेत, आज बसवतात ते आणखी टिकतील असं मानायला जागा आहे. त्यामुळे आईला रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात चालता येत नसेल तर निव्वळ वयासाठी वर्षानुवर्षं थांबवणं मला पटत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, नेमकं कशासाठी थांबायचं, आणि दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या.

प्रश्न: दर आठवड्याला बातमी येते, कॅन्सर बरा झाला, उंदरांवर प्रयोग यशस्वी. मग औषध येत का नाही?

कारण उंदीर आणि माणूस यांच्या मधली वाट फार लांब आहे. प्रयोगशाळेतले उंदीर बहुतेक एकाच वंशाचे, तरुण, एकसारखं खाणारे, आणि त्यांचा ट्यूमर बऱ्याचदा आपणच टोचलेला असतो. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या औषधांपैकीसुद्धा दहातलं एखादंच शेवटी मंजूर होतं.

माकडं तरी जवळची ना? २००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ नावाच्या औषधाची पहिली चाचणी झाली. सहा निरोगी तरुणांना औषध दिलं, माकडांना जो डोस सोसला होता त्याच्या पाचशेव्या हिश्श्याएवढंच. काही तासांत सहाही जण आयसीयूत, एकेक अवयव बंद पडायला लागले. सगळे वाचले, पण एकाला हातापायाची बोटं गमवावी लागली. पुढे कळलं की माणसाच्या ज्या रोगप्रतिकारक पेशींवर ते औषध बसतं, माकडाच्या तशाच पेशींवर ती बसायची जागाच नाही. त्यानंतर पहिल्या चाचणीचे नियम बदलले, आता पहिल्या माणसाला डोस देऊन वाट बघतात, मगच दुसऱ्याला.

बातमी वाचताना प्रयोग कशावर झाला, किती जणांवर आणि किती काळ, एवढं शोधा. ते दिलंच नसेल तर ती बातमी घरातल्या पेशंटला पाठवू नका, त्याला खोटी आशा लागते.

प्रश्न: थ्रीडी प्रिंटरने किडनी, लिव्हर कधी मिळणार?

तारीख कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पेशी प्रिंट करता येतात, अडतं रक्तपुरवठ्यावर. पेशीला ऑक्सिजन मिळायला रक्तवाहिनी एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत लागते, नाहीतर ती मरते. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेले त्वचेसारखे पातळ थर १९८० च्या दशकापासून भाजलेल्या पेशंटवर वापरतायत आणि जाडजूड किडनी अजून होत नाही.

घाई केली की काय होतं तेही सांगायला हवं. २०११ मध्ये स्टॉकहोमला पाओलो मक्कियारिनी या सर्जनने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर पेशंटच्याच स्टेम सेल (ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी) लावून ती बसवली, जगभर गाजावाजा झाला. प्राण्यांवर नीट प्रयोग झालेले नव्हते. पेशी त्यावर रुजल्या नाहीत, तिथे ऑपरेशन झालेले तिन्ही पेशंट पुढे दगावले. तिथल्याच चार डॉक्टरांनी तक्रार केली तर सुरुवातीला त्यांनाच त्रास झाला. द लॅन्सेटने ते पेपर मागे घेतले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील कोर्टाने सर्जनला अडीच वर्षांची शिक्षा दिली. त्या चौघांबद्दल मला अतोनात आदर आहे.

प्रश्न: मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. मेडिकल रिसर्चला जायचंय पण बायोलॉजी सुटली. उशीर झाला का?

अजिबात नाही गं. एमआरएनए लसच बघ, एमआरएनए म्हणजे पेशीला प्रोटीन बनवायची सूचना देणारा रेणू. कॅरिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एमआरएनएचं एक अक्षर बदलून दाखवलं की शरीर त्यावर तुटून पडत नाही, त्याला २०२३ चं नोबेल मिळालं. पण तो नाजूक रेणू पेशीत पोचवायला तेलकट कणांचं आवरण लागतं, आणि त्या आवरणातला मुख्य लिपिड म्हणजे तेलकट रेणू रक्तात विद्युतभाराशिवाय राहतो, पेशीच्या आतल्या आम्ल पिशवीत गेला की धनभारित होतो आणि पिशवी फोडून माल बाहेर काढतो. ही शुद्ध केमिस्ट्री आहे, तुझाच विषय. पॉलिमर आणि सरफेस केमिस्ट्री पक्की कर, सेल बायोलॉजीचं एक चांगलं पाठ्यपुस्तक स्वतः वाच, आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अशा लॅबमध्ये शोध जिथे केमिस्ट आणि डॉक्टर एकत्र काम करतात.

प्रश्न: टायटॅनियम आत असताना एमआरआय चालतो का?

बहुतेक वेळा चालतो, तो चुंबकाकडे ओढला जात नाही, फक्त त्याच्या जवळचं चित्र थोडं बिघडतं. तरी टेक्निशियनला आधी सांगायचंच आणि इम्प्लांटचं कार्ड बरोबर न्यायचं. पेसमेकर असेल तर गोष्ट वेगळी, काही मॉडेलना चालतो, काहींना नाही, ते कार्ड बघूनच ठरवतात.