माउस त्यांच्याच हातात राहू दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोपरखैरण्याचा मोठ्या माणसांचा रविवारचा संगणकाचा वर्ग तू घ्यायला लागलीस, याचा फार आनंद वाटला. मात्र ‘महिना झाला तरी निम्मे जण अजून मागेच आहेत’ हे तुझं वाक्य मला खटकलं. कशाच्या मागे? अभ्यासक्रम तू आखलास. ती माणसं आपापली कामं घेऊन आली आहेत.

प्रत्येकाला विचार, घरी काय अडलंय? कुणाला गावच्या जमिनीचा सातबारा बघायचा असेल, कुणाला डब्यांचा हिशेब मांडायचा असेल. तिथूनच सुरू कर. सातबारा शोधताना जिल्हा, तालुका, गाव निवडावं लागतं, गट नंबर टाकावा लागतो, चुकलं तर मागे यावं लागतं. क्लिक, स्क्रोल, टायपिंग सगळं त्यात येतं. शिवाय मार्केटमध्ये जन्मभर पोती उचललेल्या माणसाला आपला गट नंबर तोंडपाठ असतो. त्याला नवीन आहे तो फक्त स्क्रीन.

डबल क्लिक जमत नाही म्हणून कुणाला अडवू नकोस. दोन क्लिकच्या मध्ये हात हलतो आणि फाइल भलतीकडे सरकते. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी कर, बाण मोठा कर. तरीही जमलं नाही तर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकव; काम तेच होतं. ड्रॅग करायला, म्हणजे बटण दाबून धरून ओढायला, मात्र पत्ते खेळू दे. विंडोजमध्ये 1990 पासून सॉलिटेअर आहे आणि माउसवर हात बसवायला आजही ते उत्तम.

मराठी टायपिंगबद्दल माझा आग्रह आहे. तू फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणं, शिकवतेस, कारण तुला ते सोपं जातं. पण सातवीत शाळा सुटलेल्या बाईंना त्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग सुचावं लागतं. इनस्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचाच कीबोर्ड दाखवून बघ. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजवीकडे. क आणि ख एकाच बटणावर, ख साठी शिफ्ट. ग-घ, त-थ, प-फ यांचंही तसंच. बाराखडी येणाऱ्याला ही मांडणी ओळखीची वाटते. ‘कमल’ लिहायला तीनच बटणं लागतात. विंडोजमध्ये हा कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडायची. बोटं बसायला वेळ लागेल, लागू दे. स्वतःचं नाव स्वतः उमटवलेली बाई पुढच्या रविवारी नक्की येते.

शिकवताना त्यांच्या डाव्या बाजूला बस. माउस उजवीकडे असतो, त्यामुळे तुझा हात सहज तिथे जाणार नाही. ‘आण इकडे, मी करून देतो’ हे त्यांनी घरी मुला-नातवंडांकडून पुष्कळ ऐकलंय. मुलं प्रेमानंच म्हणतात, पण आईबाबांचं शिकणं तिथेच थांबतं. तू गप्प बस, त्यांना शोधू दे. बाण कुठे गेला हे त्यांना सापडेपर्यंतचा वेळ तुला मोठा वाटेल. त्यांना तो हवा असतो.

ग्रामीण भागासाठी 2017 साली सुरू झालेल्या केंद्राच्या डिजिटल साक्षरता योजनेत 20 तासांचं प्रशिक्षण होतं आणि वयाची अट 14 ते 60. तुझ्याकडचे बरेच जण साठीच्या पुढचे आणि शहरातले. त्यांना तासांत बांधू नकोस.

एका गोष्टीत मात्र सवड देऊ नकोस. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, आणि यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं फसवणूक आहे, हे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून वदवून घे. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करायचा. हा नंबर त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात असू दे.

नोव्हेंबरात सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीतून तो घरबसल्या देता येतो, चेहरा दाखवूनही. ऑक्टोबरचे रविवार त्यासाठी मोकळे ठेव. ठाण्याहून मी येईन. मागच्या रांगेतल्यांजवळ मी बसेन, पुढच्यांकडे तू बघ.

तुझी,
बाई