बारा लाखांचं काय लिहायचं?

प्रश्न : सर, मे 2025 मध्ये सीए इंटर देतेय. 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ झाला. करांच्या पेपरात तेच धरायचं ना?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मुळीच नाही! तो अर्थसंकल्प घरच्यांना बघू दे. तुझ्या पेपराला असेसमेंट इयर (2024-25 मधल्या उत्पन्नाच्या करआकारणीचं वर्ष) 2025-26 लागू आहे, म्हणजे जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानंतर झालेला वित्त कायदा. अधिसूचना आणि परिपत्रकं 31 ऑक्टोबर 2024 पर्यंतची. जीएसटीलाही तीच तारीख.

फरक किती पडतो बघ. नव्या करप्रणालीत पगारदाराचं करपात्र उत्पन्न 12 लाख धर. तुझ्या पेपरात कर 80,000, त्यावर 4 टक्के सेस (उपकर), एकूण 83,200 रुपये. पुढच्या वर्षाचे, म्हणजे त्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाचे, नियम लावलेस तर शून्य! ठरावीक उत्पन्नापर्यंत कर शून्य करणारी कलम 87अ ची सवलत तुझ्यापुरती 7 लाखांपाशीच थांबते.

खरी मेख आहे ती भांडवली नफ्यात (शेअर, घर वगैरे विकून होणाऱ्या), कारण तिथे एकाच वर्षात दोन दर आहेत. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेले) शेअर 22 जुलै 2024 पर्यंत विकले असतील तर दीर्घकालीन (वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या) नफ्यावर 10 टक्के, 23 तारखेपासून साडेबारा. सव्वा लाखाची सूट मात्र वर्षभराला मिळून एकच. परीक्षक लोक विक्रीची तारीख उगाच देत नाहीत (मीही दिली नसती!), तेव्हा आधी ती अधोरेखित कर, मग कॅल्क्युलेटरला हात लाव.

आणि सीनियरकडून आणलेलं पुस्तक असेल, तर त्यावरचं असेसमेंट इयर आजच तपास.