‘प्रॉक्सी वॉर’ला ‘छुपे युद्ध’ म्हणावे का?

आफ्रिकेतील अंगोलाच्या यादवीवर मराठीत लिहिताना ‘प्रॉक्सी वॉर’साठी, म्हणजे दुसऱ्याला पुढे करून लढलेल्या युद्धासाठी, ‘छुपे युद्ध’ वापरावे का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते वापरू नये. काश्मीरच्या संदर्भात हा शब्द वृत्तपत्रांतून रुळला आणि तिथे तो शोभतोही, कारण आपला हात नाकारणे हाच त्या डावाचा गाभा आहे; परंतु ‘प्रॉक्सी’च्या मुळाशी लपवाछपवी नसून दुसऱ्याच्या वतीने वागण्याचा अधिकार आहे, म्हणजे आपल्याकडचा ‘मुखत्यार’. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना अमेरिका सुरुवातीला मुद्दाम सोव्हिएत बनावटीची शस्त्रे मिळवून देत असे, तोवर ते युद्ध छुपे होते. १९८६ मध्ये अमेरिकी बनावटीची स्टिंगर क्षेपणास्त्रे पोहोचल्यावर ते छुपे उरले नाही, ‘प्रॉक्सी’ मात्र राहिलेच.

अंगोलात तर क्यूबाचे हजारो सैनिक उघडपणे एमपीएलए या डाव्या पक्षाच्या बाजूने लढत होते. एमपीएलएमागे सोव्हिएत संघ आणि जोनास साविंबी यांच्या युनिटा या प्रतिस्पर्धी संघटनेमागे अमेरिका व दक्षिण आफ्रिका, ही मांडणी पाहून कोणी ‘प्याद्यांचे युद्ध’ सुचवील. पण प्याद्याला स्वतःची इच्छा नसते आणि क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये सैन्य धाडले ते मॉस्कोला न विचारता. (त्याच क्यूबन सैनिकांनी पुढे अंगोलाच्या काबिंडा प्रांतातील अमेरिकी कंपनीच्या तेलक्षेत्राला संरक्षण दिले!) खरे तर ‘मुखत्यार’ही इथे पुरता बसत नाही. आपल्या कायद्यात साधारणपणे मालक वारला की मुखत्यारपत्र संपते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तरी अंगोलातील युद्ध साविंबी मारले जाईपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, धुमसत राहिले.

म्हणून मी ‘हस्ते परहस्ते’ या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाकडे वळेन. ‘महासत्तांनी परहस्ते लढलेले युद्ध’ असे म्हटले की हात दुसऱ्याचा आहे एवढेच कळते. तो हात लपलेला आहे की उघड, आज्ञाधारक आहे की स्वतःच्या मर्जीचा, हे वाक्यातील पुढच्या शब्दांवर सोडता येते. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘परहस्त युद्ध’ असा समास करावा. नवखा असल्याने तो पहिल्यांदा खटकेल, पण हिंदीतून येणाऱ्या ‘छद्मयुद्धा’पेक्षा बरा, कारण छद्म म्हणजे कपट, आणि त्यामुळे आपण पुन्हा ‘छुपे’पाशीच येऊन थांबतो.