टंबलरमध्ये (दगड ड्रममध्ये फिरवून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात) दगडांना पॉलिश करताना साबण आणि बोरॅक्स का घालतात? दोन्ही लागतात का?

दोन्ही लागत नाहीत, एक पुरे. आणि चकाकी त्यांनी येत नाही. ती येते ग्रिट, म्हणजे दगड घासणारी खरखरीत पूड, टप्प्याटप्प्याने अधिक बारीक वापरत नेल्याने आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या पॉलिशने. साबण-बोरॅक्सचं काम धुण्याचं: भेगांत अडकलेली पूड सुटते आणि दगड एकमेकांवर जरा अलगद आपटतात.

बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. सोनार डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, वापरतात तोच. बेळगावात मला तो सराफी सामानाच्या दुकानात मिळाला, दुकानदाराने आधी विचारलं, "दागिन्याला काय ओ?" दगडांना म्हटल्यावर बघतच राहिला.

दीड किलोच्या ड्रमला एक चहाचा चमचा, दगड बुडतील न बुडतील इतकं पाणी, आणि तासभर फिरवा. मी प्रत्येक ग्रिटनंतर करतो. कंटाळा आला तर निदान पॉलिशच्या आधी आणि नंतर तरी कराच. घटप्रभेच्या पात्रातून आणलेल्या माझ्या गारगोट्या पॉलिशनंतर दुधाळ दिसत होत्या. मला वाटलं, फुकट गेल्या. टाकणखारात फिरवल्यावर पाणी पांढरं झालं आणि खाली काचेसारख्या गारगोट्या!

साबण घ्यायचाच तर साधा, किसून. पण बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर दगडावरच बसतो, तिथे टाकणखारच बरा.

गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो. टाकणखार पोरांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर विषारी.