बॉब मार्ले सोडून रेगे ऐकायचं तर सुरुवात कुठून करू?

डबपासून करा, म्हणजे रेगे गाण्याचं मिक्सिंग बदलून केलेल्या नव्या रूपापासून. सत्तरच्या दशकात जमैकात सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा त्याच गाण्याचं वाद्यसंगीत असायचं, त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. किंग्स्टनचा किंग टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा. त्याने साउंड मिक्सरवर या व्हर्जनचं सोनं केलं: गिटार मध्येच गायब, गायकाचा एखादाच शब्द घुमत राहतो, खाली बास आणि ड्रम.

गायक जेकब मिलरचं ‘बेबी आय लव्ह यू सो’ आधी ऐका आणि लगेच त्याचंच डब, संगीत निर्माता ऑगस्टस पाब्लोचं ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाऊन’. अंगावर काटा येतो! त्याच नावाचा १९७६चा अख्खा अल्बमही आहे. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येणार नाही.