साठ दिवस उलटले, आता अपील गेलंच का?

"ताई, साठ दिवस होऊन गेले. आता अपील होत नाही म्हणतात. खरं का?"

विधी सेवा केंद्रात हा प्रश्न नेहमीचा. त्या दिवशी विचारणाऱ्या मावशींच्या मुलाला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. निकाल 3 जुलैचा, मावशी आल्या 12 सप्टेंबरला. वकिलाच्या फीचे पैसे जमवण्यात दिवस गेले आणि मग कुणीतरी सांगितलं, मुदत संपली.

मी निकालाची नक्कल मागितली. त्यांनी पिशवीतून ती चार घड्या घातलेली काढली. लोक पहिलं पान वाचतात, मी आधी शेवटचं उलटते. तिथे नकलेच्या तारखांचा शिक्का असतो: अर्ज 10 जुलै, तयार 27 जुलै.

1963च्या मुदत कायद्याप्रमाणे शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला 60 दिवस. (फाशी असेल तर 30. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात जायचं तरी 30.) निकालाचा दिवस धरायचा नाही आणि नकलेत गेलेले दिवसही सोडायचे. कॅलेंडर पुढ्यात घेऊन मोजलं. 60 दिवस 1 सप्टेंबरला भरत होते, त्यात नकलेचे 18 मिळवले की 19 सप्टेंबर. हातात अजून आठवडा होता.

तरी आमच्या वकिलांनी विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचं ठरवलं. मुलाला निकालाची मोफत प्रत त्याच दिवशी मिळाली होती. प्रत हातात असताना नकलेचे दिवस का सोडायचे, असं म्हणून कुणी मोजणीवर बोट ठेवलं तर? कारण पटलं तर कोर्ट उशीर माफ करतं.

"मग आजारी होते असं लिहू?"

"नको मावशी. पैसे जमवत होतात, तेच लिहा."

खोटं आजारपण कागद मागितल्यावर उघडं पडतं आणि मग खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

खरं तर पैशांसाठी थांबायची गरजच नव्हती. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुरुंगातूनही अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. हे त्यांना निकालाच्या दिवशीच कुणी सांगायला हवं होतं.

"अपील घातलं की तो घरी येईल ना?"

हे सांगणं मला नेहमी जड जातं. नुसत्या अपिलाने सुटका होत नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही.

मावशी गप्प बसल्या. मग नक्कल पुन्हा घडी घालू लागल्या. मी म्हटलं, "घडी नको, शिक्का पुसट होतोय." त्यांनी कागद सरळ केला आणि मी दिलेल्या फायलीत ठेवला.