सिव्हिलनंतर खाणीचं एम.टेक. करावं का?

प्रश्न : नांदेडला यंदा सिव्हिलची बी.ई. पूर्ण केली. किनवटच्या पुढे वणी-घुग्गुसच्या कोळसा खाणी पाहिल्यापासून या विषयाची ओढ लागली आहे. मायनिंगमध्ये एम.टेक. करून खाणीत मॅनेजर होता येईल का? एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे गेटला, कोणता पेपर द्यावा?

उत्तर : नुसत्या एम.टेक.वर मॅनेजर होता येत नाही, हे फी भरण्याआधीच कळलेलं बरं. त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएमएसचं, सक्षमता प्रमाणपत्र लागतं. ते खाणीतला अनुभव आणि परीक्षा यांवर मिळतं, विद्यापीठाच्या पदवीवर नाही. कोल इंडियाच्या मायनिंग शाखेच्या भरतीतही बी.ई. किंवा बी.टेक. मायनिंगचीच मागितली जाते, वर एम.टेक. जोडून ती अट भागत नाही.

सिव्हिलवाल्याचं खरं बळ आहे खडक यांत्रिकी, उतारांची स्थिरता आणि बोगद्यांत. खुल्या खाणीची कड किती अंशांत कापायची, छताला रॉक बोल्ट किती अंतरावर ठोकायचे, ही कामं मृदा यांत्रिकी पक्की असलेल्याला लवकर जमतात. त्यामुळे कोर्स निवडताना नावात ‘मायनिंग’ आहे की नाही हे बघत बसू नका, त्यातले विषय बघा. धनबादचं आयआयटी (आयएसएम), खरगपूर आणि वाराणसीची आयआयटी, राउरकेला आणि सुरतकलची एनआयटी, शिवाय आपल्याला सर्वांत जवळचं नागपूरचं व्हीएनआयटी, या सगळ्यांत खाण विभाग आहेत. मात्र प्रत्येक कोर्सला कोणती बी.ई. आणि गेटचा कोणता पेपर चालतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात ओळ न ओळ वाचा. पेपर त्यावरूनच ठरतो : सिव्हिलचा सीई की मायनिंगचा एमएन.

एमएन घेतलात तर सर्वेक्षण, गणित आणि खडक यांत्रिकी ओळखीचं वाटेल. अडाल ते वायुवीजनात, म्हणजे खाणीत हवा खेळवण्यात. तिथलं मूळ सूत्र एवढंच : दाब = रोध × प्रवाहाचा वर्ग. रोध म्हणजे खाणीतल्या वाटांचा हवेला होणारा अडथळा. समजा तो ०.५ आहे आणि सेकंदाला ४० घनमीटर हवा हवी आहे. दाब ८०० पास्कल येतो आणि हवेला द्यावी लागणारी शक्ती (दाब × प्रवाह) ३२ किलोवॉट. आता हवा दुप्पट, म्हणजे ८० घनमीटर करा. दाब चौपट होऊन ३,२०० पास्कल होतो, शक्ती मात्र आठपट, २५६ किलोवॉट! दुप्पट हवेला दुप्पट वीज धरून इथेच गुण जातात. खाणीत मोठा पंखा बसवण्याआधी वाटा रुंद करतात, पडझड उचलतात, तेही याचसाठी. रोध कमी केला की वीज वाचते.

अर्जात दोन ठिकाणी मुलं हमखास चुकतात. सीओएपी हे आयआयटींच्या जागा स्वीकारण्याचं पोर्टल आहे. तिथे नोंदणी झाली म्हणजे अर्ज झाला असं नाही. प्रत्येक आयआयटीकडे वेगळा अर्ज करावाच लागतो. एनआयटींसाठी सीसीएमटी, म्हणजे त्यांची एम.टेक.ची एकत्रित प्रवेशप्रक्रिया. दुसरी चूक दाखल्याची. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत चालत नाही. ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला नॉन-क्रीमीलेअर दाखला हवा. तहसीलमध्ये अर्ज देतानाच ‘केंद्रासाठी’ असं सांगा, नाहीतर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात सेतूच्या रांगेत उभं राहावं लागतं.

प्रश्न : मी लातूरची, शेवटच्या वर्षाला आहे. मुलींना भूमिगत खाणीत काम करू देतात का?

उत्तर : हो. १९५२च्या खाण कायद्यात त्यावर बंदी होती. २०१९मध्ये केंद्राने सूट दिली आणि तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, लेखी संमतीने, भूमिगत कामाची मुभा मिळाली. घरचे ‘मुलींना तिथे घेत नाहीत’ म्हणत असतील, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. आणि गेटची तयारी थांबवू नका.